व्याह्यांची माशी

आमच्या व्याह्यांइतका खरा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि खरेपणा घरच्या माणसात असला तर त्याचा किती ताप होतो हेही त्यांच्याइतकं कोणी दाखवून देणार नाही. खरं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती खोटं बोलत नाहीत, एवढंच. आमचे व्याही जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते बोलतच नाहीत. एकदा मांजरसुंब्याच्या फाट्यावर आम्ही दोघं उभे होतो. एक बाई पिशव्या सावरत धावत आली आणि तिने विचारलं, "दादा, लातूर गाडी गेली का?" मी तोंड उघडायच्या आत व्याही म्हणाले, "एक लाल गाडी गेली. पाटीवर धूळ होती. लातूरची होती का न्हाई, ते पाहिलं न्हाई." गाडी लातूरचीच होती. मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभं आयुष्य काढलेलं, ती गाडी मला आवाजावरून ओळखू येते. पण ती बाई माझ्याकडे न बघता व्याह्यांकडेच बघत राहिली, कारण असं उत्तर तिला जन्मात कोणी दिलं नसावं. पुढे आमच्या चौसाळ्यात एक मोठे व्यापारी वारले, तेव्हा शोकसभेत कोणीतरी पाहुणे म्हणून व्याह्यांनाही दोन शब्द बोलायला उभं केलं. व्याही उठले, हात जोडले आणि म्हणाले, "मी त्यांना दोनदा पाहिलं. दोन्ही वेळेस ते चहा पीत होते." आणि खाली बसले. त्यानंतर पंधरा दिवस मी बाजारपेठेतून मान खाली घालून जात होतो.

व्याही परळीचे. तिथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. प्राध्यापक नव्हेत, हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांना कोणी 'सर' म्हटलं की ते लगेच "मी बाटल्या धुवायला होतो" असं सांगून समोरच्याला ओशाळं करतात. प्राध्यापक येत होते, बदलून जात होते. बाटल्या, बेडूक आणि सूक्ष्मदर्शकं मात्र व्याह्यांच्याच हाती राहिली. त्यांतल्या एका जुन्या प्राध्यापकांनी त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती, की दिसतं ते लिही, असेल ते लिहू नको. त्या गृहस्थांनी हे विद्यार्थ्यांना प्रयोगवहीपुरतं सांगितलं असणार. विद्यार्थी ते परीक्षेनंतर विसरले, आणि व्याह्यांनी ते संसाराला लावलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी महाविद्यालयाने भंगारात काढलेलं एक सूक्ष्मदर्शक रीतसर अर्ज करून घरी आणलं. परळीत औष्णिक वीज केंद्राची राख कुठे बसेल सांगता येत नाही, म्हणून त्या यंत्रावर तीन आवरणं असतात. सगळ्यात आतलं आवरण विहीणबाईंच्या लग्नातल्या शालूचं आहे. "तुमाला सांगते," विहीणबाई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी लग्नानंतर तो शालू एकदाबी नेसले न्हाई. त्या सवतीला मात्र रोज."

आमच्या मुलीला बघायला आले तेव्हाच मला हे सगळं कळायला हवं होतं. बैठकीत पोहे झाले, चहा झाला, सगळे हसतखेळत बोलत होते. व्याही मात्र शिऱ्याच्या ताटलीवर बसलेल्या माशीकडे टक लावून बसले होते. माझी बायको लाजेने अर्धी झाली आणि पदराने माशी हाकलायला पुढे सरसावली, तर व्याही म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. ही घरमाशी न्हाई. हिच्या पाठीवर पट्टे तीनच हायेत." मग त्यांनी पेला मागितला आणि पालथा घालून माशी पकडली. मध्यस्थांनी प्रसंग सावरायला घाईघाईने विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे ना?" व्याह्यांनी विचार केला. "मुलगी मी वीस मिनिटं पाहिली," ते म्हणाले. "वीस मिनिटांत वाईट काही दिसलं न्हाई." माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी मात्र तोंडाला रुमाल लावून हसत होती. तिला तो मुलगा आवडला का त्याचा बाप, हे मला आजतागायत समजलेलं नाही. पुढे नात झाली तेव्हा दवाखान्यातून व्याह्यांचा मला निरोप आला, तो मी अजून फोनमध्ये ठेवलाय. "कन्या. डोके गोल. केस काळे, दाट. कान दोन्ही सारखे. रडणे मोठे." मी तो तीनदा वाचला आणि शेवटी बायकोला विचारलं, की आपण आजोबा झालो म्हणायचं की नाही?

माशांचं तर विचारूच नका. जगात माणसं सीताफळं खाण्यासाठी घेतात. व्याही आमच्याकडे आले की दोन सीताफळं पिकून काळी होईपर्यंत खिडकीत ठेवायला लावत आणि त्यावर कोण कोण येतं ते वहीत टिपत. आमच्या घरात माशी मारायची झाली तर आधी त्यांना दाखवून मग मारायची असा दंडक पडला होता. एकदा पुरणपोळीच्या दिवशी मी वैतागून वर्तमानपत्राची सुरळी उचलली तर म्हणाले, "इवाई, मारा, पण पंखावर मारू नका." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाला उलटून बोलायची सोय नसते. मुलगी दिलेली असते. माझ्या मनात त्या दिवशी जे जे आलं ते सगळं मी पुरणाबरोबर गिळलं.

पण माशा उडून तरी जातात. दगडांचं काय करणार? मांजरसुंबा ते चौसाळा या पट्ट्यात रस्ता रुंद करताना एका जागी डोंगराची कड कापली आहे. तिथे काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये वीतभर जाडीची फिकट पट्टी दिसते. रस्त्याने जाणारे हजारो लोक ती बघत नाहीत, मीही कधी बघितली नव्हती. व्याही आमच्याकडे यायचे ते त्या कापापाशी गाडी थांबवून. कंडक्टर माझ्या ओळखीचे, म्हणून गाडी थांबायची, आणि नंतर ते कंडक्टर मला भेटून ऐकवायचे. मग डोक्याला पंचा बांधून भर उन्हात तास दोन तास दगड काढायचे आणि पिशवी घेऊन चालत आमच्या दारात. तो दगड खारी बिस्किटासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. व्याही छिन्नीने अलगद त्याचे दोन भाग करत, प्रत्येक भाग वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळत, त्यावर नंबर टाकत. त्यांतला एक भाग परळीला नेत आणि दुसरा आमच्याकडे ठेवत. दिवाणाखाली दगड, दाराआड दगड, माळ्यावर दगड. मी एकदा विचारलं, की म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे तळं होतं म्हणता? "तळं मी पाहिलं न्हाई," व्याही म्हणाले. "शंख पाहिला. माशाचा खवला पाहिला." बस्स. पुढे विचारायची मला इच्छाच राहिली नाही.

तेव्हा मी हे विचारायला हवं होतं, की अर्धे दगड माझ्याकडे का? नाही विचारलं. मला वाटलं, ओझं होतं म्हणून नकोसा माल माझ्या गळ्यात मारतायत. आणि एका दिवाळीच्या आधी, माळा साफ करताना एक दगड माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला आणि माझा संयम संपला. बायको नको नको म्हणत असताना मी सगळे दगड पोत्यात भरून बाहेर काढले. बरेचसे मोरीच्या वाटेवरच्या चिखलात टाकले. तेवढ्यात आमच्या दाराशी गाडा लावणारे फळवाले शब्बीरभाई आले. त्यांच्या तराजूची दोन पारडी सारखी नव्हती. अशा वेळी हलक्या पारड्याखाली एक दगड बांधतात, त्याला पासंग म्हणतात. शब्बीरभाईंना तसा दगड हवा होता. त्यांनी एक चपटा दगड उचलला, त्यावरचा चौदा नंबरचा कागद फाडून टाकला, थोडा जड होतोय म्हणून तिथेच उंबऱ्यावर आपटून एक कोपरा उडवला, आणि ट्यूबच्या पट्टीने फळाच्या पारड्याखाली बांधला. शास्त्राचा अखेर कोणाला तरी उपयोग झाला म्हणून मी फार खूश होतो.

व्याह्यांना दिवाणाखाली डोकावायची सवय नव्हती. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी असते असा त्यांचा समज. त्यामुळे तीन वर्षं काही झालं नाही. त्या तीन वर्षांत ते परळीला बसून आपल्याकडचे अर्धे दगड एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. आणि एका दिवशी चौदा नंबरच्या दगडावर त्यांना एक माशी दिसली. माशी म्हणजे चिलटाएवढी, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. त्यांनी तिचं हाताने चित्र काढलं आणि दूरच्या एका संग्रहालयातल्या बाईंना पाठवलं. त्या बाई अशा दगडातल्या माशांवरच काम करतात. जगात कोण कशावर काम करेल सांगता येत नाही. बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, असा पंख मी कधी पाहिलेला नाही. ही नुसती नवी जात नाही, हा कदाचित नवा वंश आहे. हा फरक मला व्याह्यांनी नंतर समजावला. नवी जात म्हणजे भावकीत नवं घर, नवा वंश म्हणजे भावकीच नवी. पण बाईंची एक अट होती. पंखातली चौथी शीर पुढे जाऊन फुटते की सरळ जाते, त्यावर सगळं ठरणार होतं. फुटत असेल तर माशी जुन्याच भावकीतली. आणि दगड फोडताना पंखाचा नेमका तो भाग दुसऱ्या अर्ध्यावर राहिला होता.

हे मला आधी विहीणबाईंच्या फोनवरून कळलं. त्या रडवेल्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी व्याह्यांना काचबिंदू सांगितला होता. उजव्या डोळ्याचं गेलं ते गेलं, डावा जेवढा सांभाळता येईल तेवढा सांभाळा. "तेवढं चौदा नंबर बघून, चित्र काढून होऊ द्या," विहीणबाई म्हणाल्या. "मग डोळे मिटून बसतो म्हणतेत. उद्या येतायत तुमच्याकडे." मी फोन ठेवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एकदा रिकाम्या माळ्याकडे बघितलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. पहिल्यांदाच हातात पिशवी नव्हती. पाणी प्यायले आणि म्हणाले, "इवाई, चौदा नंबर द्या." आणि मी, ज्याने आयुष्यात सातची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर वहीत सात लिहिले नाहीत, तो मी म्हणालो, "तो ना, तो मी एका माणसाकडे सांभाळायला दिलाय."

"कावून?"

"इथे वाळवी फार."

"दगडाला?"

"कागदाला," मी म्हणालो. "नंबर खाऊन टाकते."

व्याह्यांनी गंभीरपणे मान हलवली. "ते खरंय," ते म्हणाले. "म्हणून तर अर्धे तुमच्याकडं ठेवले. माझ्या घराला आग लागली, राख बसली, चोरी झाली, तरी दुसरं अर्धं असावं. दोन घरी ठेवायचं तर दुसरं घर कोणतं? तुमचंच. मुलगी दिली तुमी आमाला. दगड ठेवायला काय हरकत हाय?" मी विचारलं, की हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? "तुमी विचारलं न्हाई," व्याही म्हणाले. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की जमीन फाटून मी आत गेलो असतो तर बरं. राग त्यांचा का स्वतःचा, हे त्या क्षणी वेगळं करता आलं नाही.

शब्बीरभाई आता आमच्या दाराशी गाडा लावत नव्हते. ते मांजरसुंब्याच्या फाट्यावर गेले होते, तिथे गिऱ्हाईक जास्त. मी एकट्याने जाऊन यायचा बेत केला, पण व्याही चपला घालून माझ्याआधी दारात. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून मनात घोकत होतो, की शब्बीरभाईंना बाजूला घेऊन कसं समजावायचं. फाट्यावर उतरलो तर ते समोरच. सीताफळांचा ढीग, पेरूंचा ढीग, आणि हातात तोच तराजू. पारड्याखाली ट्यूबच्या पट्टीत तो चपटा फिकट दगड. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला.

"अरे काका! लई दिवसांनी!" शब्बीरभाई म्हणाले.

"शब्बीरभाई," मी डोळे मिचकावत म्हणालो, "तो दगड मी तुमच्याकडे सांभाळायला दिला होता ना, तो..."

"डोळ्यात काय गेलं का काका? सांभाळायला कवा? तुमीच म्हनलते, घेऊन जा बाबा, घरात दगडाचा उकिरडा झालाय. बाकीचे तर तुमी चिखलात टाकले की माझ्यासमोर."

मी व्याह्यांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. थोड्या वेळाने बघितलं तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते तराजूखाली उकिडवे बसले होते आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग त्यांनी डाव्या डोळ्याला लावलं होतं. दगडाचा फुटलेला पापुद्रा खालच्या बाजूला होता. तीन वर्षं त्याच्यावर ऊन, धूळ आणि पेरूचा वास यांखेरीज काही लागलं नव्हतं. व्याह्यांनी फुंकर मारली. भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. फाट्यावर ट्रक ओरडत होते, कंडक्टर ओरडत होते.

"चौथी शीर," व्याही म्हणाले. "फाटा न्हाई." मग पुन्हा बघितलं. "शेवटपर्यंत सरळ गेलीय. फाटा न्हाई, इवाई." सांगायला लाज वाटते, पण मांजरसुंब्याच्या फाट्यावर, चिलटाच्या पंखातल्या एका शिरेसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं अर्धं आणि शरमेचं अर्धं.

मग व्याह्यांचं बोट दगडाच्या तुटलेल्या कोपऱ्यावर गेलं. माशीचं डोकं तिथे असायला हवं होतं. "हा कोपरा?" त्यांनी विचारलं. "जड होत होता चाचा, उडवला," शब्बीरभाई म्हणाले. व्याह्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

इतकं झाल्यावर दगड घेऊन निघायचं, हे कोणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. पण शब्बीरभाई दगड सोडेनात. "ह्याच्यावर माझा तराजू उभा हाय. बॅटरीचा काटा हाय माझ्याकडं, पण गिऱ्हाईकाला डोळ्याला दिसलं पायजे." बोलणं रास्त होतं. मी रस्त्याकडेचा एक दगड उचलून पुढे केला. व्याह्यांनी तो बाजूला ठेवला. त्यांनी स्वतः हिंडून एक निवडला, धाब्यावरून पाण्याचा तांब्या मागून आणला, आणि पुलाच्या कठड्यावर तो दगड घासायला बसले. घासायचे, पुसायचे, पट्टीत अडकवायचे, तराजूची दांडी डोळ्याच्या रेषेत आणून बघायचे, परत घासायचे. मी म्हणालो, झालं की आता, आला काटा मधे. "केसभर डावीकडं हाय," व्याही म्हणाले. चौसाळ्याच्या दोन गाड्या गेल्या. गिऱ्हाईकं सीताफळं हातात धरून खोळंबली आणि शब्बीरभाईंना बोलायला लागली. बघ्यांची गर्दी जमली. अडीच तासांनी काटा मधोमध उभा राहिला, आणि तेव्हा व्याह्यांनी शब्बीरभाईंना सांगितलं की जुना दगड जरा जास्तच फोडला होता, त्यामुळे तीन वर्षं तुम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला फोडीभर फळ जास्त देत आलात. शब्बीरभाई खो खो हसले. "म्हनून बरकत हाय चाचा," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस व्याह्यांनी आमच्या उंबऱ्यासमोरची माती माझ्या बायकोच्या पिठाच्या चाळणीने चाळली. डोकं सापडलं नाही. बायकोने ती चाळणी परत पिठाला वापरली नाही, आणि दोन्ही दिवस व्याह्यांच्या शेजारी बसून मीही माती चाळली. मग सूक्ष्मदर्शक परळीहून आमच्याकडे आलं, शालूसकट, कारण आमच्याकडे राख नाही. देवघराशेजारच्या चौरंगावर ते बसलं. धूळ उडते म्हणून अकरा दिवस घरातला पंखा बंद. शिट्टीने चौरंग हलतो म्हणून कुकर बंद. मोठ्याने शिंकायची बंदी. व्याही डाव्या डोळ्याने बघायचे आणि उजव्या हाताने पंखाचं चित्र काढायचे, आणि एखादी रेघ दिसली त्यापेक्षा जाड आली की सगळा कागद फाडायचे. एक दिवस मी म्हणालो, की एवढ्याने काय बिघडतं? "ती रेघ माशीला न्हाई," व्याही म्हणाले. "मी कावून काढू?" घामाने निथळत मी अंगणात जाऊन बसलो. मला त्यांना तिथून हाकलून द्यावंसं वाटत होतं, आणि त्यांचं चित्र पूर्ण होईपर्यंत त्यांचा डोळा टिकावा म्हणून मी मनात देवाला हातही जोडत होतो.

चित्र पूर्ण झालं. नावाची वेळ आली तेव्हा आमच्या मुलीने फोनवर विचारलं, "मामंजी, तुमचं नाव द्या ना!" स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, तशी या शास्त्राच्या लोकांत रीत नाही. माझ्या बायकोला आमचं आडनाव बसेल अशी थोडी आशा होती, आणि मला तीच धास्ती होती. डोकं नसलेल्या माशीला माझं आडनाव, आणि तेही माझ्यामुळेच डोकं नसलेल्या. व्याह्यांनी वंशाला आमच्या बालाघाटच्या डोंगरांचं नाव दिलं, बालाघाटोमायिया, म्हणजे बालाघाटची माशी, आणि जातीला पासंगी. संग्रहालयातल्या बाईंनी विचारलं हे पासंगी काय, तर त्यांना तराजूचं चित्र काढून पाठवलं. मग दोन्ही अर्धे दगड कापसाच्या एका डबीत कायमचे त्या संग्रहालयात गेले. व्याही पोस्टात पावती हातात घेऊन बराच वेळ उभे होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या जावयाने त्यांना आणि विहीणबाईंना पुण्याला नेलं, डोळ्यांचा डॉक्टर जवळ असावा म्हणून.

व्याह्यांनी लिहिलेला आणि बाईंनी इंग्रजी केलेला लेख छापून आला तो मुलीने फोनवर वाचून दाखवला. इंग्रजी लेख, ती मराठी करून सांगत होती. पंख असा, पाय असे, चौथी शीर फाटा न फुटता कडेपर्यंत, डोके अज्ञात. मी 'डोके अज्ञात'पाशी खाली बघितलं. मग ती थांबली. "बाबा, इथे तुम्ही आहात," ती म्हणाली. "ऐका. 'दगडाचा दुसरा अर्धा भाग लेखकाच्या व्याह्यांनी चौसाळा येथे तीन वर्षे काळजीपूर्वक सांभाळला.' आणि खाली तळटीप आहे व्याही म्हणजे कोण त्याची, इंग्रजीत शब्दच नाही ना." ती हसत होती. मला हसू आलं नाही. ज्या माणसाने शोकसभेत मेलेल्याला चांगलं म्हटलं नाही, ज्याने माशीला नसलेली एक रेघ काढली नाही, त्याने जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचायच्या कागदावर हे लिहिलं होतं.

मी त्यांना फोन केला, भांडायलाच केला. म्हणालो, "व्याहीबुवा, हे काय लिहिलंत? मी सांभाळताना तुम्ही पाहिलं होतंत?"

"न्हाई पाहिलं," व्याही म्हणाले.

"मग? शब्बीरभाई तुमच्यासमोर काय बोलले ते ऐकलंत ना?"

व्याही म्हणाले, "तुमी घरी काय सांगितलं होतं? एका माणसाकडं सांभाळायला दिलाय म्हणून. इवायानं सांगितलेलं मी पाहिल्यातच धरतो."

मी बायकोच्या हातात फोन दिला आणि अंगणात गेलो.

आता आमच्या दिवाणाखाली काही नाही. दाराआड काही नाही. घर इतकं स्वच्छ आहे, की कधी कधी बघवत नाही. व्याह्यांच्या डाव्या डोळ्याला आता कडेचं दिसत नाही, समोरचं थोडंसं दिसतं. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो, आणि सीताफळं असली की तो मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर शब्बीरभाईंच्या गाड्यापाशी उभा राहून घेतो, कारण मी तिथे असावं अशी त्यांची आज्ञाच आहे. तराजू अजून तसाच उभा राहतो, काटा मधोमध. व्याही विचारतात फळावर कोण बसलंय, आणि मी, एसटीचा निवृत्त वाहतूक नियंत्रक, भर बाजारात वाकून माशा बघत त्यांना सांगतो. मागच्या रविवारी माझी कंबर दुखत होती, ऊन लागत होतं, ओळखीचे कंडक्टर हात करून हसत होते.

"डोळे?" व्याह्यांनी विचारलं.

"तांबडे."

"पाठीवर पट्टे किती?"

मी चार म्हणणार होतो. घरमाशीला चारच असतात, मला आता माहीत झालंय. पण माशीने पाठ फिरवली होती.

"पाहिलं नाही," मी म्हणालो. "थांबा जरा. बसलीय अजून."

"थांबतो की," व्याही म्हणाले.